दिव्यांग हक्क कायदा आणि सुगम्यता: गोव्यातील वाचकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात दिव्यांगांच्या प्रश्नांची चर्चा बहुधा मासिक अर्थसाहाय्यापासून सुरू होते आणि तिथेच थांबते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज कुठे द्यायचा हे वाड्यावाड्यावर ठाऊक असते. मात्र पंचायत कार्यालयाच्या दारातल्या तीन पायऱ्या हा कायद्याने विचारण्याजोगा प्रश्न आहे, हे फारच थोड्या घरांपर्यंत पोहोचले आहे. अर्थसाहाय्य महत्त्वाचे आहे, पण पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः या दुसऱ्या बाजूविषयी आहेत.

सध्या कोणता कायदा लागू आहे?

‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा मुख्य कायदा असून तो १९ एप्रिल २०१७ पासून गोव्यासह देशभर लागू आहे. त्याचे केंद्रीय नियम जून २०१७ मध्ये आले. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते एकवीस आहेत. ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आणि ॲसिड हल्ल्यातून आलेले दिव्यांगत्व यांचा त्यात समावेश आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि त्या कराराशी देशाचा कायदा जुळवून घेणे भाग पडले, म्हणून हा नवा कायदा झाला. त्याच्या जोडीला १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा हेही विशिष्ट बाबतींत उपयोगी पडतात.

चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नसेल तर या कायद्याचा काहीच उपयोग नाही, हे खरे आहे का?

हे खरे नाही. सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजामुळे होते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. ‘दिव्यांग व्यक्ती’ म्हणजे जिला दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनिक व्यंग आहे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, अशी व्यक्ती. या व्याख्येत टक्केवारीचा उल्लेख नाही. ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ ही दुसरी व्याख्या असून ती प्रामुख्याने चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी आहे. नोकरीतील आरक्षण, उच्च शिक्षणातील राखीव जागा, सहा ते अठरा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण आणि सरकारी जमीन व घरांच्या वाटपातील हिस्सा हे लाभ या दुसऱ्या गटाला मिळतात. समानतेचा आणि भेदभावापासून संरक्षणाचा हक्क, वाजवी सोयीचा हक्क, इमारत आणि वाहतूक सुगम्य असण्याचा हक्क, तसेच न्यायालयात आणि मतदान केंद्रात अडथळ्याविना पोहोचण्याचा हक्क हे मात्र पहिल्या व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येकाचे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात हाच भेद स्पष्ट केला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला, तो लक्षणीय दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसत नाही या कारणावरून, नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक नाकारला होता. वाजवी सोय ही केवळ चाळीस टक्क्यांवरील व्यक्तींपुरती मर्यादित करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून एखाद्या कार्यालयात ‘तुमचे तीस टक्केच आहेत’ असे उत्तर मिळाले, तर आपण आरक्षण मागत आहोत की सोय, हे आधी स्पष्ट करावे. आरक्षण मागत असाल तर ते उत्तर बरोबर असू शकते. सोय मागत असाल तर ते उत्तर चूक आहे.

वाजवी सोय म्हणजे नेमके काय?

एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून त्या विशिष्ट प्रसंगी करावा लागणारा आवश्यक आणि योग्य बदल म्हणजे वाजवी सोय. अट एकच आहे, की तो बदल करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. कर्णबधिर कर्मचाऱ्यासाठी बैठकीचे मुद्दे आधी लेखी देणे, कुबड्या वापरणाऱ्या शिक्षिकेचा वर्ग तळमजल्यावर आणणे किंवा मनोविकारावर उपचार घेणाऱ्या लिपिकाची कामाची वेळ थोडी पुढेमागे करणे, ही त्याची उदाहरणे होत. यांतल्या बहुतेक गोष्टींना खर्च लागत नाही. अशी सोय नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच आहे. ‘बोजा पडतो’ असे नुसते म्हणणे पुरेसे नाही. तो कसा पडतो हे दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्याने पेलली पाहिजे.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) गोव्यात कसे मिळते?

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. छायाचित्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि उपचारांची कागदपत्रे जोडून रुग्णालय निवडावे लागते. त्यानंतर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये यांसारख्या ठिकाणी तपासणी होते; मानसिक आजार असल्यास बांबोळीच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयाशी संबंध येतो. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. त्याच दुरुस्तीने कार्डांना पांढरा, पिवळा आणि निळा असे रंग ठरवून दिले. पांढरा रंग चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्वासाठी आहे, म्हणजे या गटाचीही नोंद झाली पाहिजे हे सरकारनेच मान्य केले आहे. टक्केवारी कमी येईल या भीतीने अर्जच न करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ठरवलेली टक्केवारी मान्य नसेल तर काय करावे?

कायद्यात अपिलाची तरतूद आहे. राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करावा, सोबत जुने तपासणी अहवाल जोडावेत आणि विलंब करू नये. टक्केवारी म्हणजे क्षमतेचा निकाल नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ च्या ओमकार गोंड प्रकरणातील निकालात सांगितले आहे. वाचादोष असलेल्या या विद्यार्थ्याला केवळ आकड्यामुळे वैद्यकीय प्रवेशासाठी अपात्र ठरवता येणार नाही आणि तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे मंडळाने प्रत्यक्ष तपासले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

सुगम्यतेचे बंधन सरकारी इमारतींपुरतेच आहे का? देवळे, चर्च, हॉटेल यांचे काय?

कायद्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवलेली आहे. सर्वसामान्य जनता जिचा वापर करते अशी कोणतीही इमारत, मग ती सरकारी असो वा खासगी, त्यात येते. शिक्षण, व्यापार, आरोग्यसेवा, सांस्कृतिक कार्यक्रम, मनोरंजन आणि धार्मिक विधी यांसाठीच्या इमारतींचा उल्लेख व्याख्येतच आहे. त्यामुळे कळंगुटचे हॉटेल, पणजीतील बँक, मडगावचे खासगी इस्पितळ, फोंडा तालुक्यातील देवस्थान आणि गावातले चर्च या सर्वांना हा कायदा लागू होतो.

देवस्थानांच्या बाबतीत थोडे अधिक लिहावेसे वाटते. आपल्याकडे पालखीला, जत्रेला आणि सप्ताहाला सारे गाव एकत्र येते. त्या दिवशी व्हीलचेअरवरील माणूस देवळाबाहेरच्या अग्रशाळेपर्यंत येऊन थांबतो आणि चार जणांनी उचलून नेल्यावरच त्याला दर्शन घडते. उचलणाऱ्यांच्या मनात प्रेमच असते, याबद्दल शंका नाही. तरीही स्वतःच्या इच्छेने आत जाणे आणि दुसऱ्यांच्या हातांवर आत जाणे यांत फरक आहे, आणि कायदा पहिल्या गोष्टीची हमी देतो. गर्भगृहाच्या परंपरेला हात न लावता सभामंडपापर्यंत उतार, एका बाजूला कठडा आणि वापरण्याजोगे एक स्वच्छतागृह एवढे बहुतेक ठिकाणी सहज करता येते. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे सभासदांच्या, सर्वसाधारण सभेत हा विषय लेखी मांडणे हा त्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

आमची गृहनिर्माण सोसायटी रॅम्प बांधू देत नाही. ती खासगी आहे म्हणून कायदा लागू होत नाही का?

कायद्यातील ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत कंपनी, न्यास आणि संघटना यांच्याबरोबर सहकारी संस्थाही येते. त्यामुळे भेदभाव न करण्याचे आणि वाजवी सोय देण्याचे तत्त्व सोसायटीलाही लागू होते. व्यवस्थापन समितीला लेखी मागणी द्यावी, उताराचा साधा आराखडा जोडावा आणि नकार आला तर तो लेखीच मागावा.

रॅम्प बांधला म्हणजे इमारत सुगम्य झाली का?

होत नाही. बहुतेक ठिकाणी बांधलेला रॅम्प वापरताही येत नाही, कारण तो फार चढा असतो. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार उताराचे प्रमाण एकास बारापेक्षा तीव्र नसावे, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी हवी. गोव्यातील घरांचे आणि कार्यालयांचे जोते पावसामुळे उंच असते. प्रत्येकी दीडशे मिलिमीटरच्या तीन पायऱ्या धरल्या तर उंची ४५० मिलिमीटर होते आणि त्यासाठी ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. दारापुढे दीड-दोन मीटर सिमेंट ओतून केलेला उतार सायकल चढवायला उपयोगी पडेल, पण त्यावर व्हीलचेअर नेणे धोक्याचे आहे. जागा अपुरी असेल तर रॅम्प वळवता येतो. मात्र वळणावर सपाट विसावा हवा.

रुंदी किमान १२०० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे असावेत. पृष्ठभाग खरबरीत हवा. आपल्या पावसाळ्यात उघड्या चिऱ्यावर आणि गुळगुळीत लादीवर शेवाळ धरते, त्यामुळे जूनपूर्वी घासून काढण्याची तजवीज नसेल तर चांगला रॅम्पही चार महिने निरुपयोगी ठरतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, व्हीलचेअर वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची जागा, स्वच्छतागृहाचे आतील माप किमान २२०० गुणिले २००० मिलिमीटर आणि त्याचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते, या गोष्टी आराखड्यावरच तपासाव्यात. स्वच्छतागृह बांधून त्याला कुलूप लावणे किंवा त्यात झाडू आणि बादल्या ठेवणे हे इतके सर्रास दिसते, की पाहणी करताना ते उघडून बघावेच.

दृष्टिहीन व्यक्तीसाठी स्पर्शपट्ट्या, लिफ्टमध्ये ब्रेल आणि आवाजाची सूचना, तर कर्णबधिर व्यक्तीसाठी ठळक लेखी फलक आणि दिव्याने मिळणारा धोक्याचा इशारा हाही सुगम्यतेचाच भाग आहे. पदपथावरची पिवळी स्पर्शपट्टी विजेच्या खांबावर जाऊन संपत असेल, तर ती नसलेली बरी.

हे निकष बंधनकारक आहेत की नुसत्या सूचना?

दीर्घकाळ याच संदिग्धतेचा फायदा घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात निकाल देताना, २०१७ च्या नियमांतील नियम १५ चा पहिला उपनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सुगम्यता बंधनकारक करतो आणि नियम मात्र तिला केवळ मार्गदर्शनाच्या पातळीवर ठेवतो, हा त्यातला दोष होता. किमान आणि तडजोड न होणारे निकष वेगळे काढून ते बंधनकारक स्वरूपात तीन महिन्यांत आणावेत, असा आदेश केंद्राला देण्यात आला. तोवर काही करण्याची गरज नाही, असा अर्थ यातून निघत नाही. निकष पाळल्याशिवाय बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, ही कलम ४४ ची अट स्वतंत्रपणे उभीच आहे. गावात नवे सभागृह किंवा बाजार प्रकल्प येत असेल, तर ग्रामसभेत ‘या आराखड्यात कलम ४४ पाळले आहे का’ असे विचारून त्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. बांधून झाल्यावर भिंत फोडण्यापेक्षा कागदावरची रेषा बदलणे कितीतरी सोपे असते.

जुन्या आणि वारसा इमारतींना सूट आहे का?

अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत, म्हणजे जून २०२२ पर्यंत सुगम्य करायच्या होत्या; सरकार प्रकरणपरत्वे मुदतवाढ देऊ शकते. वारसा इमारतींना सरसकट वगळणारे कलम कायद्यात नाही. जुने गोवे येथील चर्च आणि कॉन्व्हेंट १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि अशा स्थळी बदल करताना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते हे मान्यच आहे. मूळ बांधकामाला धक्का न लावणारा सुटा लाकडी किंवा धातूचा उतार, दुसऱ्या दारातून प्रवेश, ब्रेल नकाशा असे मार्ग तरीही उपलब्ध असतात.

बस, फेरीबोट आणि विमान यांच्याबाबत काय?

वाहतुकीसाठी कलम ४१ आहे आणि सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत बसस्थानक, रेल्वे स्थानक, विमानतळ यांच्याबरोबर जलमार्गही येतात. त्यामुळे फेरीचा धक्काही यातून सुटत नाही. भरती-ओहोटीनुसार फेरीच्या फळीचा उतार बदलतो, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर विचारपूर्वक तोडगा हवा. तोपर्यंत वाहने चढण्यापूर्वी व्हीलचेअर आणि काठी वापरणाऱ्यांना आधी चढू देणे एवढे तरी आजपासून करता येते. दाबोळी आणि मोपा विमानतळांवरून प्रवास करताना मदतीची गरज तिकीट काढतानाच नोंदवावी. व्हीलचेअरच्या मदतीसाठी दिव्यांग प्रवाशाकडून शुल्क घेता येत नाही.

पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांसाठीचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हापासून सुगम्यतेचा विषय राज्यात अधिक मोकळेपणाने बोलला जाऊ लागला, ही समाधानाची गोष्ट आहे. उत्सवासाठी उभारलेल्या सोयी वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही त्या त्या जागी दिसाव्यात, ही मागणी करण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे.

शाळा माझ्या मुलाला प्रवेश नाकारू शकते का?

सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि इमारत, स्वच्छतागृह व खेळाच्या सोयी सुगम्य कराव्यात, असे कलम १६ सांगते. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शाळा हा पालकांचा पर्याय आहे; सर्वसाधारण शाळेने मुलाला तिकडे ढकलण्यासाठी तो वापरायचा नसतो.

परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार दर तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा द्यावा लागतो. चाळीस टक्क्यांखालील उमेदवारांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र सूत्रे आली. गोवा बोर्डाच्या सवलतींसाठी मुख्याध्यापकांकडे शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्यावा.

नोकरीत कोणते हक्क आहेत?

सरकारी आस्थापनांत किमान चार टक्के जागा राखीव आहेत. अंधत्व व अल्पदृष्टी, कर्णबधिरता आणि अस्थिव्यंग व तत्सम गट यांना प्रत्येकी एक टक्का, आणि ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का. योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील वर्षात नेली जाते.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. सरकारी महामंडळातील चालकाचा पाय अपघातात गेला तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. अशा वेळी घाबरून राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नये. एकदा सही झाली की पुढची लढाई फार कठीण होते.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर केले पाहिजे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात सोयी, योग्य पदे आणि संपर्क अधिकारी यांचा तपशील लागतो. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील कारखाना आणि किनाऱ्यावरचे हॉटेल या दोघांनाही हे लागू आहे.

संकेतस्थळे आणि मोबाइल ॲपही यात येतात का?

येतात. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग मानला. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या व्यक्तींना बँकेच्या केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगितले जात होते, त्यातून हा वाद उभा राहिला. आपल्याकडील रोजचे उदाहरण म्हणजे स्कॅन करून चढवलेली परिपत्रके: ती नुसती चित्रे असल्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, ती वाचू शकत नाही. तेच परिपत्रक युनिकोड मजकुरात दिले तर दृष्टिहीन नागरिकाला ते कुणाच्याही मदतीशिवाय ऐकता येते.

तक्रार कुठे आणि कशी करावी?

प्रथम संबंधित कार्यालयाला किंवा संस्थेला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात जागा, तारीख, अडथळा आणि आपल्याला हवी असलेली सोय या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. शक्य असल्यास छायाचित्र जोडावे. तोंडी विनंतीचा मागे काहीच पुरावा राहत नाही. नोकरीविषयक तक्रार असेल तर सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो आणि नोंदणीनंतर दोन आठवड्यांत चौकशी व्हावी लागते.

दाद न मिळाल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जावे. चौकशीच्या वेळी आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसारखे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. त्यांच्या शिफारशीवर तीन महिन्यांत कार्यवाही करावी लागते, आणि ती मान्य नसेल तर त्याच मुदतीत कारणे आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवावी लागतात. ही कारणे लेखी स्वरूपात हाती येणे फार मोलाचे असते, कारण पुढे पर्वरी येथील उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात जायचे झाले तर तोच कागद आधार ठरतो.

कायदा मोडल्यास शिक्षा काय?

पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यापुढील प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत. दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे, तिच्यावर हल्ला करणे किंवा जाणूनबुजून तिला अन्नपाणी नाकारणे यांसारख्या कृत्यांना कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. अशा गुन्ह्याची तक्रार थेट पोलिसांकडे करावी.

मुलगी अठरा वर्षांची झाली. तिला बौद्धिक अक्षमता आहे. तिच्या वतीने सही कोण करणार?

प्रौढ झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्वात निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच घ्यायचे असतात.

अर्ज मराठीतून चालतो का? वकिलाचा खर्च परवडत नसेल तर?

चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा ठरवताना शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद केली आहे. वकिलाच्या बाबतीत, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा आणि आधीच्या पत्रव्यवहाराच्या पोच घेतलेल्या प्रती सोबत न्याव्यात.